कुत्र्यांची फरशी

शिंदे की छावनी या मोहल्ल्यात सरदारांनी दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अंगणात वडील सरदारांचे दोन धिप्पाड शिकारी कुत्रे सांभाळत. आईने सारवलेली जमीन ते रोज उकरत. फरशी घालून द्यावी, हा वडिलांचा अर्ज दोन वर्षं पडून होता. मग चिखलाने एका कुत्र्याचा पंजा चिघळला आणि आठवड्यात अंगणात फरशी बसली.

"मेहरबानी झाली," वडील हात जोडून म्हणाले. माझं डोकं फिरलं. आईने मात्र फरशीवर नवी चूल घातली.

सरदारांचा कारभारी खेकसला, "बाई, ही जागा कुत्र्यांची आहे."

"त्यांचंच शिजवतेय," आई म्हणाली.

शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. कोरड्या जागी भाकरी थापायला माझ्या आईला कुत्र्यांचं नाव सांगावं लागलं होतं.