पूजेतून उचललेला फोन

मॅडमनं माझा फोन दोन बोटांत उचलला. मेलेली पाल उचलावी तसा. कव्हरच्या कडेला धरून.

"हा कुणी ठेवला इथं?"

"मी."

"का?"

आयुधपूजेची सकाळ होती. ऑफिसातलं मोठं टेबल पुसून त्यावर लाल कापड अंथरलं होतं. अंथरलं मीच होतं. वर कॉम्प्युटर, प्रिंटर, मोजपट्ट्या, सरांच्या गाडीची किल्ली, सरांचा नवाकोरा फोन, नकाशे काढणारा पोरगा मंजु, त्याचा फोन. सगळ्यांवर शेवंतीची फुलं. मंजुच्या फोनशेजारी चार बोटं जागा होती. तिथं मी माझा ठेवला होता.

"आयुधं ठेवतात गं इथं. कामाची. तुझा तो फुकटचा बाजार नको," मॅडम म्हणाली. "तुझं आयुध झाडू, अल्वा? तो आण हवं तर. त्यालाही कुंकू लावते." अल्वा म्हणजे कन्नडात 'हो ना'.

आणि माझा फोन तिनं दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर नेऊन ठेवला. सर हार सारखा करत होते. त्यांनी ऐकलं. मंजुनं मान खाली घातली. मॅडम म्हणजे सरांची बायको. त्या दिवसापर्यंत मी तिला अहोजाहो करत होते.

झाडूचा मला कमीपणा नाही. सांगितलं असतं तर झाडूही ठेवला असता, दोन्ही शेजारी शेजारी. पण माझं आयुध कुठलं हे ती सांगणार?

आमच्या घरी ही पूजा चुकत नाही. आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांची एक तलवार आहे, गंजलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. अप्पा गॅरेजात काम करायचे. आयुधपूजेला तलवार काढायचे आणि तिच्या शेजारी आपला पाना ठेवायचे, अम्माची कात्री ठेवायचे. मी फोन घेतला त्या वर्षी म्हणाले, "ह्याच्यावर तुझं काम चालतं ना पोरी? मग ठेव की." इतकं साधं होतं ते.

म्हैसूरला बोगादीतलं हे ऑफिस घरांचे नकाशे करून द्यायचं. सर मराठीच. मुलाखतीत म्हणाले होते, "तू आपल्यातलीच." मग मी बोलायला लागले तर नवरा-बायको हसले. माझ्या मराठीत निम्मं कन्नड, म्हणून. त्यांच्या मराठीतही 'अल्वा' होतंच, पण त्यावर कोण हसणार?

कामाला घेतलं अटेंडर म्हणून. झाडायचं, चहा आणायचा, फायली पोचवायच्या. फोन मी सेकंडहँड घेतला होता. कोपऱ्यात तडा. त्याच्यावरची टेंपर्ड काच मीच बसवली, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून. वाफेनं धूळ खाली बसते, मग काचेखाली बुडबुडा राहत नाही. कव्हर फुटपाथवरच्या ढिगातलं. बाकी त्यात जे ॲप होतं ते फुकटातलं, आणि ते शोधायला डोकं लागतं. घरून, हूटगळ्ळीहून, बसनं येताना मी तेच करायचे. एक टॉर्च घेतला तर तो माझ्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर मागायला लागला. उजेड पाडायला माझ्या मावशीचा नंबर कशाला रे तुला? काढून टाकला. असे किती काढले. जे जाहिराती दाखवतात ते काढले, जे सात दिवसांनी पैसे मागतात ते काढले. चाळून चाळून जे उरलं ते सोनं होतं.

कागद स्कॅन करणारं ॲप. मोठ्या नकाशाचे चार तुकड्यांत फोटो काढले की ते जोडून एक करायचं. भिंत ओळंब्यात आहे का ते सांगणारं. मी कन्नडात बोलले की अर्ज टाईप करणारं. नेटवर्क नसलेल्या साइटवरही रस्ता दाखवणारा नकाशा. आणि एक स्वस्तातली सेल्फी स्टिक, जिच्यावर फोन चढवून मी छताच्या तुळईला गेलेल्या चिरांचे फोटो काढायचे.

ऑफिसचा स्कॅनर बिघडला तो कुणी दुरुस्त केला नाही. कशाला करतील? मी होते ना. साइटवर मला पाठवायचे, मोजमापाचे फोटो माझे, महापालिकेला जाणारे कागद माझ्या फोनवरून. माझी बॅटरी, माझा डेटा. दुपारी डबा उघडला की कुणीतरी आपला फोन पुढं करायचं. "फ्री अक्का, हे ॲप जरा टाकून दे." सगळे मला फ्री अक्का म्हणायचे. मीही हसायचे. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

आणि मी काम करत राहिले ते एका शब्दासाठी. सर म्हणाले होते, "दसऱ्यानंतर तुला असिस्टंट करू. कार्ड छापू." अटेंडर आणि असिस्टंट. माझ्या घरात अजून कुणाच्या नावाचं कार्ड छापलं गेलं नव्हतं. अम्माला मी सांगून टाकलं होतं.

तर पूजा झाली. आरती झाली. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला, ते उंबऱ्यापर्यंत उडालं. चुरमुरे वाटले, तेही मीच वाटले. माझा फोन चपलांजवळ होता, मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

तेवढ्यात एक लेआउटवाले, प्लॉट पाडून विकणारे, आले. हूटगळ्ळीपलीकडे त्यांचे शंभरेक प्लॉट, सरांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. काखेत नकाशाची गुंडाळी. त्यावर त्यांनी पेननं बदल करून आणले होते आणि ते बंगळूरच्या भागीदाराला पाठवायचे होते.

"ईगले बेकु," ते म्हणाले. आत्ताच हवं. त्यांचा स्वतःचा फोन घरच्या पूजेत होता.

सरांनी टेबलाकडे बघितलं. आमच्याकडे पूजेत ठेवलेलं आयुध त्या दिवशी उचलत नाहीत. ते विसावतं. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला नमस्कार करून उचलायचं. सरांचा फोन फुलांखाली. मंजुचा फोन फुलांखाली. मॅडम तिथंच उभी, तिच्यापुढं तो नेम मोडायची कुणाची छाती नव्हती.

मग सरांचा चेहरा खुलला.

"अगं, तुझा फोन पूजेत नाही, अल्वा? मग झालं की! आण, पटकन स्कॅन कर."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. सकाळी तो आयुध नव्हता. आता काम निघालं तर तोच एक आयुध. पूजेला नको, राबायला हवा. आणि ह्यात काही चुकतंय असं त्या माणसाच्या मनातही आलं नाही! तो खूश होता. अडचण सुटली म्हणून.

मी दाराशी गेले. स्टँडवरून फोन उचलला, पदरानं पुसला. परत टेबलाशी आले. सर गुंडाळी उलगडत होते. मी कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि फोनच्या काचेवर लावलं. मधोमध. मॅडमच्या समोर. मग एक शेवंती उचलून वर ठेवली आणि फोन मंजुच्या फोनशेजारी ठेवला. त्याच चार बोटांच्या जागेत.

"आता हाही पूजेत आहे," मी म्हणाले. "आज चालणार नाही."

मंजु पुटपुटला, "बेडा अक्का." नको, अक्का.

मॅडम पुढं आली. हात लांबवला आणि थांबली. कुंकू लावलेलं उचलणार कशी? तिच्याच सोवळ्यानं तिचा हात धरला होता. लेआउटवाल्यांनीही ते कुंकू बघितलं, गुंडाळी परत काखेत घेतली. "नाळे माडी," म्हणाले. उद्या करा. चुरमुऱ्याची पुडी घेऊन निघूनही गेले. म्हणजे इतकी घाईही नव्हती.

ते गेल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "असिस्टंट व्हायचंय ना तुला?"

"व्हायचं होतं."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी तिथंच उभी राहिले. फोन उचलून पळाले नाही. आयुध विसावलंय तर विसावू दे. तो रात्रभर तिथंच ठेवून मी रिकाम्या हातानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी जाऊन, नमस्कार करून, सगळ्यांच्या आधी मी माझा फोन उचलला. बसमध्ये बसून ऑफिसचे होते तेवढे कागद, फोटो, सगळे सरांना पाठवले. एक ठेवला नाही. मग माझ्या फोनवरून पुसले.

अम्मा बोलली. पुष्कळ बोलली. "एका फोनपायी नोकरी घालवलीस." तिचं दुःख मला कळतं. कार्डाचं मलाही वाईट वाटतं, आजही वाटतं.

आता मी हूटगळ्ळीत एका गवंड्याबरोबर साइटवर जाते. उन्हात उभी राहून ओळंबा बघते, फोटो काढते, अर्ज बोलून टाईप करते. फोन तोच, तडा तोच, फुकटातली ॲपंही तीच. मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला होता. स्कॅनर अजून बंद आहे. आवाज गोड. "अगं, अर्ध्या तासाचं तर काम आहे. येऊन जा की."

मी विचारलं, "टेबलावर जागा केलीय?"

त्यांना कळलं नाही. किंवा कळलं असेल. मी पुन्हा सांगितलं नाही, फोन ठेवला.

यापुढं जो कुणी माझ्या आयुधाचं काम मागेल, त्याला मी आधी हेच विचारणार. कामाच्या दिवशी ते टेबलावर लागतं ना? मग पूजेच्या दिवशीही ते टेबलावरच बसेल. चपलांजवळ ठेवायचं असेल तर हात लावायचा नाही, त्यालाही आणि मलाही.