बागेत पुढे कोण होते

‘वहिनी जन्मभर दादाच्या मागूनच चालली,’ असे माझी आत्या मोठ्या अभिमानाने सांगे. आता तिची नातवंडेही तेच सांगतात. साफ खोटे! ओल्या मुरमाचा वास आला की मला स्वातंत्र्याआधीची भिंगारची बाग आठवते. माळ्याने वाटेवर नुकतेच पाणी शिंपडले होते. आम्ही तिघे फिरायला गेलो आणि फाटकाशीच आई थबकली. ‘तुमची पाठ रोजच बघते, आज बाग बघू द्या,’ ती वडिलांना म्हणाली. ‘अगं, लोक हसतील!’ ‘हसू देत. त्यांच्या बायकाही बघताहेत.’ वडील घुटमळले, मग बाजूला झाले. आत्या तिथे नव्हतीच. सर्वांत मागे मी होतो. त्या ओल्या वाटेवर आईच्या अनवाणी पावलांवर वडिलांच्या वहाणांचे ठसे उमटले होते.