आबांची काडी पिवळी पडली तेव्हा

आमच्या घरात लकी बांबूचं एक रोप आहे आणि ते जिवंत आहे. हे एवढं वाक्य लिहिता यावं म्हणून गेल्या वर्षी दोन म्हाताऱ्या माणसांची, एका कामवाल्या बाईंची आणि विजेच्या फिटिंगच्या एका पाइपाची जी दमछाक झाली, तिची ही हकीकत.

नातवंडांनो, इराने तुम्हाला हा किस्सा फोनवर सांगितला असणारच, आणि तुमच्या आबांनी त्यात पदरचं घातलं असणार. (आबा चाळीस वर्षं कारखान्यात टर्बाइनं जोडत होते. तिथे एक मिलिमीटर इकडचा तिकडे चालत नसे. गोष्ट सांगताना मात्र त्यांना दोन-चार मीटर सहज चालतात!) म्हणून काय घडलं ते मी क्रमवार आणि लेखी देते आहे. त्यात माझी चूक काय होती तेही लिहिणार आहे. शेवटी शेवटी लिहीन, पण लिहीन.

गेल्या जूनमध्ये इरा आणि तिचे आईबाबा आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातलं, मिसरोद भागातलं घर आवरून कॅनडाला गेले. अकरा वर्षांची पोर. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, सायकल शेजारच्यांकडे गेली, तरी डोळ्यांत टिपूस नाही. निघायच्या दिवशी मात्र तिने काचेच्या भांड्यातलं हे रोप माझ्या हातात दिलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

“आजी, यात पाच काड्या आहेत. सर्वांत उंच, ते बाबा. वळणावळणाची, ती आई. बारकी मी. ही एकदम सरळ, ती तू. आणि ही जाडी म्हणजे आबा. आपण पाच जण. कुणालाही मरू देऊ नकोस हं!”

“अगं, तुझ्या आजीने एकतीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली आहे,” मी म्हटलं. “एक पुस्तक हरवलं नाही. पाच काड्या देऊन चालली आहेस, पाचच्या पाच परत मिळतील.”

पुस्तकांना पाणी घालावं लागत नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सगळी माहिती वाचून काढली आणि नियम टाइप केले. रोपाला थेट ऊन लागू न देणे. नळाचं पाणी चोवीस तास जगमध्ये उघडं ठेवून, त्यातलं क्लोरीन उडून गेल्यावरच घालणे. दर सोमवारी पाणी बदलणे, त्या वेळी भांडं आणि त्यातले गोटे स्वच्छ धुणे. खत दोन महिन्यांतून एकदा, फक्त एक थेंब. हा कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. नियम अर्थातच इंग्रजीत होते. (मला घरातल्या गप्पा मराठीत सुचतात, पण नियम इंग्रजीतच. मिशनच्या शाळेत शिकल्याचा परिणाम!) योजनेत एकच उणीव राहिली. आमच्या कमलाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, आणि आबा कुठल्याही भाषेतले नियम वाचत नाहीत.

ऑगस्टमध्ये पानांची टोकं करपायला लागली. मी पुस्तकात पाहिलं, तर क्लोरीन! असं कसं होईल? जग तर रोज भरून ओट्यावर ठेवलेला असतो! मी पहारा ठेवला. सकाळी सात वाजता आबा फिरून आले, थेट ओट्याशी गेले आणि जग उचलून घटाघटा रिकामा केला.

“अहो! ते रोपाचं पाणी आहे!”

“तरीच!” आबा मिशा पुसत म्हणाले. “मी म्हणतच होतो, हल्ली पाणी फार हलकं लागतंय.”

मग आल्या कमलाबाई. जग रिकामा दिसला की त्यांना चैन पडत नाही. त्यांनी तो नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि जागच्या जागी ठेवला. म्हणजे दोन महिने चोवीस तास मुरवलेलं पाणी आबा पीत होते आणि नळाचं ताजं क्लोरीन रोपाला मिळत होतं! आबांची तब्येत त्या दोन महिन्यांत उत्तम होती, हे मी नमूद करते.

जगवर मी ताटली झाकली आणि त्यावर चिठ्ठी लावली. वाटलं, मिटलं. पण सप्टेंबरात एके सकाळी आबा चहाचा कप तसाच ठेवून रोपासमोर उभे राहिलेले दिसले.

“अगं, माझी काडी पिवळी पडली आहे.”

“हवा बदलली असेल,” मी म्हटलं.

“हवा सगळ्यांना एकच आहे. तुझी तर हिरवीगार आहे!”

हे ते अशा सुरात म्हणाले, की जणू मी पन्नास वर्षं त्यांच्या वाटचं खात आले आहे. त्या दिवशी त्यांनी तीनदा ब्लडप्रेशर मोजलं. दुपारी वरणभातावर तूप घेतलं नाही. संध्याकाळी विम्याची फाइल कुठे आहे म्हणून विचारलं. मी हसले खरी, पण मग जाऊन चाचपून पाहिलं. काडी बुडाशी मऊ लागत होती, आणि मी इराला शब्द दिला होता.

मी चौकशी बसवली. आधी कमलाबाई.

“कमलाबाई, सच बताओ. इसमें कुछ डालती हो?”

“कुछ नहीं दीदी. बस थोड़ा चावल का पानी. ताक़त के लिए.”

“और?”

“और आप नहाने जाती हो तब आँगन में रख देती हूँ. बच्चा है, थोड़ी धूप तो चाहिए न!”

मग आबा. त्यांनी आधी वकील मागितला. मग कबूल केलं, की खताचा एक थेंब ते रोज सकाळी घालत होते.

“रोज! अहो, दोन महिन्यांतून एकदा घालायचा असतो!”

“एका थेंबाने काय होतंय? कारखान्यात आम्ही पिंपाने तेल घालायचो.”

“ते टर्बाइन होतं!”

“म्हणूनच चाललं ना!” आबा म्हणाले. या उत्तराचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

दोघांनाही मी शिस्त या विषयावर पाऊण तास सुनावलं. (हे लक्षात ठेवा. पुढे मला याची फार लाज वाटणार आहे.) पण शनिवारी ती काडी हातात आली ती बुडातून ओली, पिवळी, लिबलिबीत. मी ती आबांकडे दिली आणि म्हटलं, “टाकून या.” स्वतःला कचऱ्यात टाकायला निघालेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. चेहरा बघवत नव्हता!

आणि दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे इराचा व्हिडिओ कॉल. दर रविवारी ती आधी आम्हाला एक मिनिट बघते आणि मग रोपाला दहा मिनिटं.

“चार काड्या कशा दाखवायच्या?” मी डोकं धरून बसले.

“पाच दाखवू,” आबा म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. करवत चालली. कानस चालली. दोन तासांनी ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात विजेच्या फिटिंगचा पाइप होता. जाडी तंतोतंत. फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवलेला. बोटाबोटाच्या अंतरावर कानशीने पेरं पाडलेली. टोकाला मनी प्लँटची दोन पानं दोऱ्याने बांधलेली! स्वतःचा पुतळा स्वतः घडवणारी माणसं थोडीच असतात. शिवाय आबांनी पुतळा मूळ काडीपेक्षा बोटभर उंच केला होता.

रविवारी मी जीव मुठीत धरून फोन रोपासमोर नेला.

“आजी, पास में लाओ ना! आबा कुठे आहेत?”

“हा काय मी!” आबा मागून ओरडले.

“तुम्ही नाही, काडी आबा!” मग ती एकदम किंचाळली, “ओ हो! आबा तो सबसे मस्त दिख रहे हैं! केवढे उंच झाले! पण बाकीचे सगळे जरा पिवळे का दिसतात, आजी?”

“उजेड पिवळा आहे गं इथला,” मी म्हटलं.

मुलांनो, मी एक दिवस उशिरा आणलेल्या पुस्तकासाठी मुख्याध्यापिकाबाईंनाही दंड केला होता. तीच मी त्या पोरीला एका पाइपाच्या आडून खोटं सांगत होते! कॉल संपल्यावर आबा खुशीत होते. (“सबसे मस्त म्हणाली! ऐकलंस ना?”) मला मात्र जेवण गेलं नाही.

पुढचे तीन रविवार पानं बदलून पाइपानेच निभावले. मग एका सोमवारी पाहते, तर “बाबा” काडीचं बूड पिवळं! आता गप्प बसणं शक्य नव्हतं. भांडं मांडीवर घेऊन मी रिक्षाने गोविंदपुऱ्याच्या रस्त्यावरची नर्सरी गाठली. माझा बेत सांगते, लपवत नाही. पाच नव्या काड्या घ्यायच्या, भांड्यात रोवायच्या, आणि इराला कधीही काही कळू द्यायचं नाही.

नर्सरीवाल्याने चष्मा वर केला आणि एकेक काडी चिमटीत धरून पाहिली.

“ये कमज़ोर है. ये भी कमज़ोर. ये भी. ये नीचे से गई. और ये...” तो थांबला. “ये वाला सबसे तंदुरुस्त है.” त्याने नखाने टिचकी मारली. टक्! पुन्हा मारली. टक्! त्याने माझ्याकडे पाहिलं. “माताजी, ये तो पाइप है.”

“वो मेरे पति हैं,” मी गडबडीत बोलून गेले.

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्याने भांडं नाकाजवळ नेलं, हुंगलं, आणि झटकन लांब केलं.

“इसमें क्या डाला है?”

“कमलाबाई ने चावल का पानी डाला, पति ने खाद,” मी तत्परतेने सांगितलं.

“वो नहीं. कुछ और. ये पत्थर किससे धोती हैं?”

“फिनाइल से,” मी अभिमानाने म्हटलं. “हर सोमवार.”

आता माझी चूक. नियमात मी लिहिलं होतं, “स्वच्छ धुणे.” आणि माझ्या घरात स्वच्छ म्हणजे फिनाइलने स्वच्छ! दर सोमवारी मी एकेक गोटा फिनाइलच्या पाण्यात घासत होते, वरून एकदा विसळत होते आणि त्या सुगंधी गोट्यांत इराचं सगळं कुटुंब रोवत होते. कमलाबाईंच्या उन्हाने आणि आबांच्या थेंबांनी रोप आजारी पडलं असेल, पण विष दर आठवड्याला, वेळेवर, न चुकता मी देत होते!

“मर जाएँगे?” मी विचारलं.

“नहीं मरेंगे. बड़े जानदार हैं.” त्याने “बाबां”चं पिवळं बूड कापून टाकलं, वरचा हिरवा भाग पेराखाली नीट छाटून परत दिला, बाकीच्यांची मुळं धुतली, पिवळी पानं काढली. “नए पत्थर, साफ पानी, खिड़की से दूर उजाला. खाद छह महीने बंद. और माताजी, बुरा मत मानिए, आप लोग इसको थोड़ा कम प्यार कीजिए.”

नव्या काड्या तिथेच बादलीत होत्या, हिरव्याकंच. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि घेतल्या नाहीत. फक्त गोटे घेऊन निघाले.

घरी येऊन आधी कमलाबाईंची माफी मागितली. (त्या म्हणाल्या, “कोई बात नहीं दीदी, मैंने तो उस दिन भी सुना नहीं था.”) मग आबांची. सगळं ऐकून आबा उठले, न्हाणीघरात गेले आणि लोणच्याची एक जुनी बरणी घेऊन आले. ती म्हणे तिथल्या उंच खिडकीत ठेवली होती, पडद्यामागे. बरणीत साधं पाणी, आणि पाण्यात चार बोटं लांबीचा हिरवा शेंडा.

“त्या दिवशी टाकवेना गं,” आबा म्हणाले. “खालचं सडलेलं कापून टाकलं. वरचा भाग चांगला होता. काही झालं तरी मीच ना तो.”

मी बरणी उजेडात धरली. शेंड्याच्या बुडाला तांबूस, केसांएवढी बारीक मुळं फुटत होती! तीन-चारच होती, पण होती. ना ऊन, ना खत, ना तांदळाचं पाणी, ना फिनाइल. आबांना तिथे कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ते वाचले होते. मी खुर्चीत टेकले आणि किती तरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला.

पुढच्या रविवारी इराला सगळं सांगितलं. अगदी सगळं.

“म्हणजे मी पाइपाला छान म्हटलं?”

“हो.”

“आणि आबा?”

मी बरणी पुढे केली. तिने नाक कॅमेऱ्याला लावलं, मुळं मोजली आणि “मम्मी, आबा को रूट्स आए हैं!” असं ओरडत, हसत हसत खुर्चीवरून खाली गेली. हसू आवरल्यावर म्हणाली, “आजी, तू मला त्याच दिवशी सांगायचंस ना. मी रडले असते थोडी, पण सांगायचं.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. चष्मा पुसावा लागला. अकरा वर्षांच्या मुलीने इतकी कमी शिक्षा द्यावी, याची सवय नव्हती.

आता पाचही जण एका भांड्यात आहेत. बाबा उंचीने आईच्या खांद्याला लागतात आणि आबा सर्वांत बुटके आहेत, पण तरारले आहेत. आणि इराने तिकडे माझी अशी काही कीर्ती केली आहे, की मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. बाई मूळच्या नाशिकच्या. त्यांचा लकी बांबू पिवळा पडत होता. मी त्यांना ऊन विचारलं, खत विचारलं, नळाचं पाणी विचारलं, गोटे कशाने धुता ते विचारलं, आणि पाच मिनिटांत दोष सांगितला.

“बाप रे, काकू, तुमचा केवढा अभ्यास!” त्या म्हणाल्या. “तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवायचात का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “या रोपाला मारायच्या जेवढ्या रीती आहेत, त्या सगळ्या आमच्याकडे करून झाल्या आहेत.”