कोल्हापूरच्या नंबरची लांब गाडी

बाबा दर हंगामात पावस गावच्या एका बागेत आंबा उतरवायला जात. त्या मे महिन्यात फांदी मोडली आणि ते खाली आले. खुब्याचं हाड गेलं, पाठीलाही मार बसला. रत्नागिरीत ऑपरेशन झालं. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले सहा महिने काय ते करता येईल. आठवड्यातून दोनदा आणा. एकदा सांधे आखडले की माझ्या हातात काही राहणार नाही."

आमचं गाव रत्नागिरीपासून आत, सव्वा तासावर. बाबांना बसता येत नव्हतं. एसटीचा प्रश्नच नव्हता, रिक्षातही ते मावत नव्हते. जीप एवढी उंच की त्यांना वर चढवताना ते ओरडायचे. व्यायाम करून घ्यायला घरी यायला कोणी तयार नव्हतं. मग मला ती लांब गाडी आठवली, स्टेशन वॅगन म्हणतात ती. मोटारीसारखी बुटकी, पण मागची सीट पाडली की माणूस पाय पसरून झोपतो. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलंय. जुनीच मिळणार होती, आणि मला परवडणारीही जुनीच होती.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बीकॉम झाले, तालुक्याच्या कॉलेजात ऑफिसला लागले. गावात कोणाचा सातबारा असो की पेन्शनचा फॉर्म, माझ्याकडे येतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? माझा चुलतभाऊ रत्नागिरीत गॅरेजला आहे. नववीत शाळा सोडलेला. गाडी बघायला त्याला ने, असं आई दोनदा म्हणाली. मी नेलं नाही. तो गाडीखाली शिरणार, मग चार लोकांत मला शहाणपण शिकवणार, ते मला नको होतं.

आमच्याकडे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न एकच असतो: इथली की घाटावरची? इथल्या गाडीला खारा वारा लागलेला असतो, पत्रा आतून सडतो. म्हणून कोल्हापूर-सांगलीचा नंबर दिसला की लोक जास्त पैसे मोजायला तयार होतात. मीही झाले.

एजंटची जागा बंदराच्या रस्त्याला होती. त्याने माझ्या मागे बघितलं.

"बरोबर कोण हाय?"

"कोणी नाही. गाडी मीच घेणार आहे."

"मेकॅनिक?"

"कागद दाखवा."

तो हसला. "वा मॅडम! शिकलेलं गिऱ्हाईक असलं की बरं वाटतं. नायतर येतात, टायरला लाथ मारतात नि चहा पिऊन जातात. ही घाटावरची गाडी. कोल्हापूरचा नंबर, बघून घ्या."

मी सगळं बघितलं. आरसी, विमा, पीयूसी, बँकेचं पत्र. चेसिस नंबर बॉनेटखाली डोकं घालून आकडा आकडा जुळवला. पहिला मालक कोल्हापूरचा. दुसऱ्याचा पत्ता रत्नागिरीचा, तोही मी वाचला. तो धंदा काय करतो हे आरसीवर लिहिलेलं नसतं, आणि तोंडाने विचारायचं मला सुचलं नाही. मागे नवी कोरी मॅट चिकटवलेली होती. मासळीचा वास आला, पण त्या रस्त्याला सगळ्यालाच तो वास येतो.

पहिल्या दिवशी मी आणि आईने बाबांना गादीसकट मागून आत सरकवलं. त्यांना कुठे दुखलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "तिरडीपेक्षा बरी हाय गो. पाय पुरतात."

"तुमच्या जिभेला काय हाड?" आई भडकली.

निम्म्या वाटेत त्यांनी हाक मारली. "बाय, बांगड्याचा वास येतो गो."

"काच खाली करते," मी म्हटलं.

दोन महिने आम्ही मंगळवार-शुक्रवार जात होतो. शेवटी शेवटी बाबा दांडीला धरून उभे राहायला लागले, बाई दहा आकडे मोजेपर्यंत. येताना ते वाटेवरच्या झाडांना नावं ठेवायचे, कोणी कशी छाटली म्हणून. गणपती जाऊन आठवडा झाला असेल, आमच्या घाटीच्या दुसऱ्या वळणावर खड्ड्यात चाक गेलं आणि मागून मोठा आवाज झाला. गाडीचं बूड एका बाजूला बसलं. बाबा कलंडून खिडकीवर आदळले. ओरडले नाहीत. ओठ दाबून धरलेले मला आरशात दिसले.

एका टेम्पोतून त्यांना घरी आणलं. संध्याकाळी चुलतभाऊ आला. त्याने मॅट एका टोकाने ओढून काढली. मॅटखाली वाळलेली खवलं होती, नखांसारखी, ढिगाने. त्याखालचा पत्रा त्याच्या बोटाने तुटत होता. स्प्रिंगचं वरचं टोक पत्रा फोडून आत आलं होतं, बाबांच्या गादीपासून वीतभर.

"ताय, ही जेटीवरनं मासळी वाहायची," तो म्हणाला. "बर्फाचं खारं पाणी मुरलंय वर्षानुवर्षं."

"नंबर कोल्हापूरचा आहे."

"नंबरला कुठं गंज चढतो?"

"वेल्डिंग करून घेऊ."

"कशाला लावू वेल्डिंग? धरायला पत्रा तर पायजे." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता, "मला एक फोन करायचास."

शहाणपण शिकवलं नाही त्याने. शिकवलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

एजंटने फोन उचलला. "मॅडम, कागदात काय खोट निघाली का?" एवढंच विचारलं. खोट नव्हती.

दुसऱ्या गाडीची ऐपत उरली नव्हती. भाड्याचे गाडीवाले आडवा माणूस म्हटलं की काहीतरी कारण काढायचे. दोनदा टेम्पो केला, दोन्ही वेळा बाबांना ताप भरला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ऱ्हाव दे आता, बाय." मी घरी जमेल तसे पाय हलवून घेत होते. नोव्हेंबरात गुडघा अर्ध्यावर येऊन थांबायला लागला. जोर केला की ते माझं मनगट धरायचे.

कोणी बघायला आलं की बाबा आपणहून सांगतात, "गाडी चांगलीच व्हती. बायनं सगळे कागद तपासून घेतलीन. रस्त्यानं खाल्लीन तिला." मी आत चहा करत असते. बाहेर येऊन खरं सांगावं असं मला दर वेळी वाटतं, आणि मी साखर शोधत राहते.

परवा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन केला. म्हटलं, आमची मंगळवार-शुक्रवारची वेळ दुसऱ्या कोणाला द्या. तिथल्या मुलीने आनंदाने विचारलं, "म्हणजे काका चालायला लागले?"

"नाही," मी म्हटलं.

तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बरं, नाव काढते.