हानाबाईंच्या टेबलावर संकष्टी

लेकीकडे अमेरिकेत पार्सिपनीला गेले ती एक हट्ट मनात धरून: हानाबाईंना भेटायचं. वय त्र्याण्णव. लहानपणी नाझींच्या छळछावणीतून वाचल्या, साठीनंतर आठवणी लिहिल्या. ते पुस्तक मला मराठीत आणायचं होतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘भाषांतर नको. भेटायला मात्र जरूर या.’

“आई, त्यांनी नो म्हटलंय. तिथे जाऊन कन्व्हिन्स वगैरे करू नकोस,” मृण्मयीनं गाडी काढतानाच बजावलं.

त्यांचं गाव पेनसिल्व्हेनियात, दीड-दोन तासांवर. हायवे सरळ पश्चिमेला जातो. डेलावेअर नदीच्या पुलावर टोल आहे. जमलं तर ऑक्टोबरात जा. पुलापलीकडचे डोंगर तेव्हा केशरी-तांबडे झालेले असतात. कॉफी अलीकडेच घ्या.

हानाबाई दारातच उभ्या होत्या. चणीनं एवढ्याशा, ओठांना लिपस्टिक. टेबलावर माझ्यासाठी मुद्दाम केलेलं भाज्यांचं सूप आणि घरचा ब्रेड. आणि मी सवयीनं बोलून गेले, “मला नको, आज माझा उपवास आहे.”

“आई, सिरीयसली?” मृण्मयी पुटपुटली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोरच्या बाईनं पुस्तकाचं अख्खं सातवं प्रकरण भुकेवर लिहिलं होतं. मी चमचा उचलला.

“ठेवा तो,” त्या म्हणाल्या. “कधी सोडता उपवास?”

“चंद्र दिसला की.”

“आम्ही ज्यू योम किपूरचा मोठा उपवास तीन तारे दिसल्यावर. ढग आले तर काय करता?”

“पंचांगात वेळ असते. आता फोनवरही दिसते.”

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, “सुटकेनंतर पहिल्या योम किपूरला मी उपवास धरला. सगळे रागावले, अंगावर मांस नव्हतं. पण त्या दिवशीची भूक कुणी लादलेली नव्हती. माझी होती.”

मी पुस्तकाचा विषय काढलाच नाही. त्यांनीच काढला. पूर्वी एका भाषांतरात सातवं प्रकरण निम्मं कापलं होतं. वाचकांना जड जाईल म्हणून. “तुम्ही कापाल?”

“नाही.”

“मग करा.”

निघताना ब्रेड फॉइलमध्ये बांधून दिला. परतीच्या वाटेवर मृण्मयी म्हणाली, “मला ते सातवं चॅप्टर मराठीत वाचून दाखवशील?”

पुण्याला येऊन पाच महिने झाले. संकष्टीला चंद्राची वाट बघताना ‘भुकेनं जीव चाललाय’ म्हणायची माझी जुनी सवय सुटली. आता नुसतं ‘भूक लागलीय’ म्हणते. काल सातवं प्रकरण पूर्ण झालं, एकही ओळ न गाळता. मृण्मयीला फोनवर वाचून दाखवलं, मग हानाबाईंना कळवलं.

“आता आठवं लवकर घ्या,” त्या म्हणाल्या. “त्यात मी पोटभर जेवते.”