अमेरिका, कराची आणि आमची टपरी

लूमच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून आमच्या कारखान्यातली सगळी भांडणं समोरच्या चहाच्या टपरीवर व्हायची. तिथले किस्से काढले की एकातून दुसरा निघतो, आणि निम्म्यांत ती मेली अमेरिका असतेच! ती पाकिस्तानची पाठ थोपटणार आणि भोगणार कोण, तर भिवंडीतले आमचे मामू!

मामू विणकर. आई इथे अंथरुणाला खिळलेली, एकुलती बहीण कराचीला.

*

एकाहत्तरच्या लढाईत अमेरिकेचं आरमार आपल्याकडे निघाल्याची बातमी आली. लूम दुरुस्त करणारे आमचे खाडीकाठच्या पूर्णा गावचे दाजी कप आपटून ओरडले, "येऊ दे आपल्या खाडीत! ओहोटीला चिखलात रुतला का कलंल!"

मामूंनी हळूच विचारलं, "और कराची की डाक कब खुलेगी?"

*

दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. दाजी गरजले, "त्यांचा दाना खानार न्हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच डब्यात मिलोच्याच भाकऱ्या. एकेका घासाला अमेरिकेला एकेक शिवी! म्हणाले, "शिव्या दिल्याबिगर पचतच न्हाय!"

*

आमचे शेठ सभेत म्हणाले, "अमेरिकेशी संबंध तोडा!" टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात थोरला मुलगा शिकायला अमेरिकेला! ढोंगीपणाला काही सीमा? वर आम्हाला हार घेऊन गेटवर उभं केलं.

दाजींनी हार घालताना विचारलं, "रशियावरून जानार ना, बाला?"

*

पंचाहत्तर साल. लढाईपासून बंद असलेले भारत-पाकिस्तानचे व्हिसा नुकते सुरू झाले होते. मामूंच्या बहिणीनं अर्ज केला होता आणि म्हातारी दाराकडे डोळे लावून होती. तेवढ्यात अमेरिकेनं पाकिस्तानला हत्यारं विकायची बंदी उठवली! दोन्हीकडे पुन्हा आरडाओरडा. आता व्हिसा बंद होतात की काय, म्हणून मामूंना जेवण जाईना.

शेठनी चौकात अमेरिकेचा पुतळा जाळायचं ठरवलं. काडी लावायला एवढ्या गर्दीतून मामूंनाच पुढे ढकललं. "तुमचे नातेवाईक कराचीत. तुम्हीच लावा, चारचौघांत बरं दिसेल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "शेठ, तुमचा मुलगा तर खुद्द अमेरिकेत आहे. तुम्हीच लावा की!" त्यांनी काडीपेटी मामूंच्या हातात कोंबली.

मामूंनी काडी ओढली. पुतळा भडकला, घोषणा झाल्या, फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर मामू शेठजवळ गेले आणि काडीपेटी त्यांच्या हातात ठेवली.

"जल गया, सेठ. अब मेरी बहन को आने देंगे ना?"