एक मात्रा जास्त

छापखान्यात त्याचं नाव होतं अनुस्वार. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं. एरवी शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे त्याला अनुस्वारच म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट आपण सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलो आहोत हे लोकांना मान्य आहे, असा सोयीचा अर्थ त्याने काढला होता.

छापखाना मिशनचा होता आणि तिथे मुख्यतः पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, छापलं जायचं. अनुस्वार प्रुफं तपासायचा. हे काम दोघांचं असतं. एकाने मूळ प्रत धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळे ठेवायचे. वाचायचं म्हणजे तुम्ही-आम्ही वाचतो तसं नव्हे. कागदावर जे जे आहे ते सगळं उच्चारायचं. ‘हे प्रभू!’ असेल तर ‘हे प्रभू उद्गार’ असं. स्वल्पविराम आला की ‘स्वल्प’, वाक्य संपलं की ‘पूर्ण’, वेलांटीची शंका आली की ‘पहिली’ नाहीतर ‘दुसरी’. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम, कारण अर्थात गुंतलेला डोळा चूक गिळून टाकतो. अनुस्वारने हा नियम असा काही अंगी बाणवला की त्याच्यासमोर सृष्टी निर्माण झाली, जलप्रलय आला, वधस्तंभ उभा राहिला, कबर रिकामी सापडली, आणि ह्याचं लक्ष कुठली मात्रा तुटली इकडे! चर्चच्या मंडळीत त्याच्याइतकं शास्त्र वाचलेला दुसरा माणूस नव्हता, पाळकसुद्धा नव्हते. आणि ते त्याच्याइतकं कमी ऐकलेलाही कोणी नव्हता.

कामाला मात्र तोड नव्हती. त्याने ‘बरोबर’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. छपाईचे खिळे जुळवणारे त्याच्या लाल पेन्सिलीला चळाचळा कापत. त्यातला डावखुरा नावाचा एक जुळारी तर रोज एकदा तरी बोलणी खायचा. एकदा तो बिचारा म्हणाला, “काका, मूळ प्रतीतच तसं होतं, म्हणून मी तसं जुळवलं.” त्यावर अनुस्वार सगळ्यांसमोर कडाडला, “प्रतीत चूक असली म्हणून तू डोळे मिटून चूक जुळवणार? देवाने डोळे कशाला दिलेत? शास्त्रात चूक दिसली की ती तिथल्या तिथे मारायची. कोणी लिहिली ते बघायचं नाही!” डावखुऱ्याने मान खाली घातली. हे वाक्य त्याने जन्मभर लक्षात ठेवलं, हे आपणही लक्षात ठेवू.

आता बायको. ती लहान असतानाच तिची आई गेली आणि ती मामाच्या घरी वाढली. मामी वाईट नव्हती, दोन वेळा पोटभर वाढायची, पण तिच्या जिभेला विसावा नव्हता. अशी बसू नकोस, एवढ्याने हसू नकोस, पाय घासत चालू नकोस, दार असं लावतात का. पोरीला उठता-बसता टोकणं चालायचं. आईची म्हणून तिच्याकडे एकच वस्तू होती, जाड पुठ्ठ्याचं जुनं शास्त्र. त्यात देव आपल्या माणसाला वचन देतो, मी तुला टाकणार नाही, अशी एक जागा आहे. पण त्या जुन्या आवृत्तीत जुळाऱ्याच्या हातून एक मात्रा जास्त पडली होती. ‘टा’चा ‘टो’ झाला होता. पोरीने बोट ठेवून वाचलं, ते असं: मी तुला टोकणार नाही.

तिने ते खरं मानलं. न मानायला कारणच काय होतं? जगात सगळे टोकतात, एक देव टोकत नाही, एवढं त्या पोरीला कळलं आणि तेवढ्यावर ती तगली. रोज सकाळी घरातलं कोणी उठायच्या आत ती त्या ओळीवर बोट ठेवायची आणि मग दिवसभराच्या बोलण्याला तोंड द्यायला उभी राहायची. आणि अशा मुलीच्या पदरात नवरा कोण पडावा, तर अनुस्वार!

लग्नानंतर नव्या नवलाईत तिने एकदा त्याला ती ओळ दाखवली. मनातलं सगळ्यात आतलं दाखवावं तशी दाखवली. त्याने चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, “ही तर घोडचूक आहे.” एवढ्यावर थांबला असता तर तो अनुस्वार कसला? पुढचे कित्येक रविवार खपून त्याने ते सबंध पुस्तक लाल पेन्सिलीने तपासून काढलं. बायकोला दागिना घडवून द्यावा तशा हौसेने! तिने पान उघडलं तर तिच्या मात्रेवर लाल काट आणि समासात खूण. तो कामावर गेल्यावर खोडरबर घेऊन ती लाल काट पुसत बसली. जुना कागद, तो किती घासणं सोसणार? लाल गेलं, त्याच्याबरोबर काळंही गेलं. तिथे ‘टा’ होता की ‘टो’, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

पुढचा संसार काही वाईट झाला असं नाही. तो दारूला शिवला नाही, तिच्यावर हात उगारला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. फक्त टोकत राहिला. तिने लिहिलेली वाण्याची चिठ्ठीसुद्धा सुधारल्याशिवाय दुकानात जायची नाही. जेवणाआधी ती डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची, तर हा मध्येच म्हणायचा, “‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’. दुसरी वेलांटी. लांब म्हण.” एके दिवशी तिने मोठ्याने प्रार्थना करणं सोडून दिलं. अनुस्वारला वाटलं, चला, हिचीही समज वाढली, ही आता मनातल्या मनात प्रार्थना करायला लागली. धन्य त्याची!

म्हातारपणी साखरेच्या दुखण्याने आधी तिचे डोळे गेले आणि मग एकेक करत शरीरातलं बाकीचंही जायला लागलं. तोवर तो निवृत्त झाला होता. ती अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, “अहो, आता मला दिसत नाही. रोज थोडं वाचून दाखवत जा.” तो आनंदाने बसला. हे तर त्याच्या घरचं काम. घसा खाकरला आणि सुरू झाला, “तेव्हा स्वल्प तो त्यांना म्हणाला स्वल्प…” ती आधी हसली. “अहो, देव काय स्वल्प स्वल्प करत बोलतो का?” तो ओशाळला आणि पुन्हा सुरू झाला, पण जिभेचं वळण कुठे जाणार? दोन ओळी धड वाचायचा, तिसरीला ‘पूर्ण’ निघायचंच. नाहीतर मध्येच थांबून म्हणायचा, “इथे बघ, रफार उडालाय. माझ्या वेळी असं झालं नसतं.” ती नुसती पडून ऐकायची. काही दिवसांनी तिने वाचायला सांगणं बंद केलं.

शेजारी एक शिंपीण राहायची. ती दुपारी मशीन थांबवून यायला लागली. तिचं शिक्षण बेताचं. ती अडखळत, शब्द फोडत वाचायची, ‘नीतिमान’चा ‘नितीमान’ करायची, मध्येच थांबून म्हणायची, “ताई, हा माणूस त्या विहिरीपाशी एवढा का रडला असेल हो?” मग दोघी त्या माणसाबद्दल घरातल्या माणसासारखं बोलत बसायच्या. आजारी बाईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. पण स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या अनुस्वारला हे कसं सोसवणार? तिथून आवाज यायचा, “पहिली नाही, दुसरी!” शिंपीण दचकायची, बोटाखालची ओळ हरवायची. असं होता होता एका दुपारी तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “भाऊजी, तुमच्यासमोर वाचायची माझी लायकी नाही.” ती पुन्हा आली नाही. बायकोने दोन-तीन दुपारी दाराकडे कान लावून वाट पाहिली.

आणि मग एका सकाळी, आवाज अगदी खोल गेलेला असताना, ती म्हणाली, “अहो, एक मागू?”

“माग की.”

“माझ्या आईच्या पुस्तकातली ती ओळ. एकदा माझ्यासारखी वाचा.”

“तुझ्यासारखी म्हणजे?”

“टोकणार नाही, अशी.”

त्याला खरोखर धक्का बसला. “अगं, पण ते तसं नाहीये. देवाच्या तोंडी आपल्या पदरचा शब्द घालायचा?”

“पदरचा कुठे? छापलेला होता.”

“चुकून छापलेला.”

“मग तो चुकणारा भला माणूस म्हणायचा. त्याच्या चुकीवर मी जगले.”

“शास्त्रात एक अक्षर वाढवणाऱ्याचं काय होतं, ते शेवटच्या पानावर लिहिलंय. तुला माहीत नाही का?”

“अक्षर नाही हो,” ती म्हणाली. “नुसती एक मात्रा.”

तिला दुसरं काही नको होतं, आणि द्यायला त्याचं काही जाणार नव्हतं. तो पुस्तक घेऊन बसला. ते पातळ झालेलं पान उघडलं. तिथे तर काहीच छापलेलं उरलं नव्हतं, म्हणजे खोटं वाचण्याचासुद्धा प्रश्न नव्हता. त्याने ओठ उघडले. जन्मभराची सवय, जन्मभराचा अभिमान आणि थोडी खरी भीती, सगळं आडवं आलं. “मी तुला टाकणार नाही,” तो म्हणाला, आणि त्याच दमात, “पूर्ण.”

त्यालाच राहवेना. “टाकणार नाही, हेही चांगलंच आहे की,” तो म्हणाला. “उलट जास्तच चांगलं आहे.”

“हो,” ती म्हणाली. “पण टाकलं मला कोणीच नव्हतं हो. मामीने नाही, तुम्हीही नाही.” आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात ती गेली.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. काही दिवसांनी अनुस्वार तिच्या कॉटवर ते जुनं पुस्तक घेऊन बसला आणि त्या कोऱ्या जागेकडे पाहता पाहता त्याला एकदम दिसलं, की ही जागा घासताना ती रडली असणार. इतकी वर्षं हे पान घरात होतं आणि ह्याला आज दिसत होतं! “मी तुला टोकणार नाही,” तो मोठ्याने म्हणाला. पुढे ‘पूर्ण’ आलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच शास्त्रातलं एक वाक्य त्याने वाक्यासारखं वाचलं, आणि ते ऐकायला कोण, तर भिंतीला टेकवलेली तिची काठी. तो ढसाढसा रडला. रडू दे मेल्याला.

मग त्याला सुचलं. तिच्या कबरीवर दगड बसवायचा होता. छापखान्यात खिळे जुळवणं बंद झाल्यापासून डावखुरा दफनभूमीच्या वाटेवर दगडांवर अक्षरं कोरायचं दुकान चालवत होता. अनुस्वारने कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: मी तुला टोकणार नाही. मात्रा चांगली ठसठशीत काढली. जाणूनबुजून चूक लिहायची ही त्याची पहिलीच वेळ.

डावखुऱ्याने कागद घेतला, वाचला आणि वर पाहिलं. अनुस्वारने नजर चुकवली. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं: ती लाल काट, ती शिंपीण, ती सकाळ. “नीट कोर,” एवढंच तो म्हणाला.

“काका, काळजीच करू नका,” डावखुरा म्हणाला. “तुमच्या हाताखाली शिकलोय.”

दगड बसवला त्या दिवशी दोघेच तिथे होते. डावखुऱ्याने वरचं पोतं बाजूला केलं. गुळगुळीत काळा दगड, त्यावर तिचं नाव, आणि खाली खोल, रेखीव अक्षरांत: मी तुला टाकणार नाही.

अनुस्वारने चष्मा वर केला आणि ते पुन्हा वाचलं.

“तुमच्या कागदावर मात्रा जास्त पडली होती,” डावखुरा हलक्या आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, माया होती. “काकू गेल्यात, हात हलणारच. मी कोणाला बोललो नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, चूक दिसली की तिथल्या तिथे मारायची, कोणी लिहिली ते बघायचं नाही. आयुष्यात तुमची एक चूक सापडली, काका. ती मी दगडावर जाऊ दिली नाही.”

अनुस्वारने खिशात हात घातला. लाल पेन्सिल अजून तिथेच असायची. तो गुडघ्यांवर बसला आणि ‘टा’च्या डोक्यावर मात्रा काढायला लागला. गुळगुळीत दगडावरून टोक नुसतं घसरत होतं. त्याने पेन्सिल जिभेला लावली, पुन्हा जोर देऊन ओढली. टोक मोडलं. तो मोडक्या लाकडाने तसाच घासत राहिला.

“अहो काका, तिथे मात्रा नाही!” डावखुरा घाईने खाली वाकला. “मात्रा दिलीत तर ‘टोकणार’ होईल ना ते.”

“तेच म्हणायची ती,” अनुस्वार म्हणाला.

दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, हे डावखुऱ्याने ओळखलं. त्याने हळूच त्याच्या बोटांतून पेन्सिल सोडवली, ती त्याच्या खिशात परत ठेवली आणि खांद्याला धरून त्याला उभं केलं. दगडावर लाल असं काहीच उमटलेलं नव्हतं. तरी जाताना डावखुऱ्याने ती जागा आपल्या बाहीने एकदा स्वच्छ पुसून घेतली.